लांबारेनेचे डॉक्टर : आल्बर्ट श्वाइट्झर यांचे प्रयाण

परदेशी सेवेस गेलेल्या मनुष्याचे चरित्र आपल्या मंडळ्यांतून वाचले जाते तेव्हा त्याच्या तेथील कार्याचा भाग बहुतकरून विस्ताराने सांगितला जातो. तो घरातून निघाला कसा, निघण्यापूर्वी त्यास काय सोडावे लागले, कोणाकोणाची समजूत घालावी लागली व वाटखर्चाची तजवीज कशी झाली, ही हकीकत दोन ओळींत आटोपते. डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या चरित्रात हाच भाग आम्हांस विशेष विचार करण्याजोगा वाटतो. आफ्रिकेस जाण्याचा त्यांचा निश्चय झाला १९०४ साली आणि त्यांची आगबोट सुटली १९१३ साली. मधली साडेआठ वर्षे ते काय करीत होते, हे आम्ही प्रथम सांगणार आहो.

फ्रान्स व जर्मनी या दोन देशांच्या सीमेवर आल्सेस नावाचा प्रांत आहे. त्या काळी तो जर्मनीच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धानंतर तो पुन्हा फ्रान्सकडे गेला. या प्रांतातील कायझर्सबर्ग गावी १४ जानेवारी १८७५ रोजी आल्बर्ट यांचा जन्म झाला. वडील लुई श्वाइट्झर हे पाळक होते. त्याच वर्षी त्यांची नेमणूक ग्युन्सबाख या डोंगरखोऱ्यातील खेड्यात झाली, व आल्बर्ट यांचे बालपण तेथे गेले. त्या खेड्यात एकच देऊळ होते, आणि त्यात प्रोटेस्टंट व रोमन कॅथलिक दोन्ही मंडळ्या आपापल्या वेळी उपासना करीत. एका गावात दोन मिशनांची दोन देवळे पाठीस पाठ लावून उभी असलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस या व्यवस्थेचे नवल वाटेल.

मुलगा मोठा हळव्या मनाचा होता. एकदा शाळेतून येताना गावच्या एका मुलाशी त्याने झोंबी खेळून त्यास चीत केले. तेव्हा पडलेला मुलगा म्हणाला की, पाळकाच्या मुलाप्रमाणे आठवड्यातून दोनदा मांसाचा रस्सा मिळाला असता तर आपल्या अंगीही एवढीच ताकद आली असती. हे शब्द आल्बर्टच्या जिव्हारी लागले. त्यानंतर रस्सा त्याच्या घशाखाली उतरेना. आणि गावच्या मुलांजवळ नाही असा चांगला कोट आपण घालावयाचा नाही असाही त्याने हट्ट धरला, त्यापायी वडिलांचा मार खाल्ला. पुढे त्यांच्या हातून जे घडले त्याचे मूळ अशा लहानसहान गोष्टींत आहे असे आम्हांस वाटते. जवळच्या कोल्मार शहरात एका नौसेनापतीच्या स्मारकावर दगडात कोरलेली एक आफ्रिकी पुरुषाची मूर्ती होती. तिच्या चेहऱ्यावरील खिन्नता पाहण्यास तो मुलगा पुन्हा पुन्हा जाई.

शिक्षणात त्यांनी जे मिळविले ते थोड्यांस मिळते. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात त्यांस १८९९ साली तत्त्वज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळाली, आणि पुढील वर्षी धर्मशास्त्राचीही पदवी मिळाली. त्याच शहरातील सेंट निकोलस देवळात ते उपदेश करीत, विद्यापीठात शिकवीत, आणि १९०३ पासून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे मुख्य होते. शिवाय ते ऑर्गन वाजविण्यात निष्णात होते. हा ऑर्गन म्हणजे आपल्या देवळांतील पायपेटी नव्हे. भिंतीएवढ्या उंच नळ्यांचे ते प्रचंड वाद्य असते. पॅरिसचे नामांकित वादक विडोर यांच्यापाशी ते शिकले, आणि बाख या संगीतकारावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला. थोडक्यात, तिशीच्या आतच विद्या, मान व स्थिर उत्पन्न ही तिन्ही त्यांच्या पदरात पडली होती.

परंतु या सुखाविषयी त्यांच्या मनात एक टोचणी होती. १८९६ च्या पेंटेकॉस्टच्या सुट्टीत ते घरी आले असता, एके दिवशी सकाळी जागे होताच त्यांच्या मनात आले की, इतरांस दुःख भोगावे लागत असताना आपण हे सुख आपल्या हक्काचे म्हणून घ्यावे हे योग्य नव्हे. त्याचा काही मोबदला दिला पाहिजे. बिछान्यातून उठण्यापूर्वीच त्यांनी ठरविले की, तिसाव्या वर्षापर्यंत विद्या, उपदेश व संगीत यांत आयुष्य घालवावे आणि त्यापुढे प्रत्यक्ष मनुष्यसेवेस लागावे. त्या वेळी त्यांचे वय २१ होते. ती सेवा कोणती हे मात्र त्यांस ठाऊक नव्हते. मध्यंतरी अनाथ मुलांना जवळ ठेवून वाढवावे असा विचार त्यांनी केला, परंतु संस्थांनी त्यांची मदत नाकारली. सुटलेले कैदी व निराश्रित यांच्यासाठीही त्यांनी काही दिवस काम केले.

१९०४ च्या शरद ऋतूत एके सकाळी त्यांच्या मेजावर पॅरिस मिशनरी सोसायटीचे हिरव्या वेष्टनाचे मासिक येऊन पडले होते. ते बाजूला सारताना सहज एक पान उघडले गेले. त्यावर सोसायटीचे प्रमुख आल्फ्रेड बोग्नेर यांचा लेख होता. पश्चिम आफ्रिकेतील गाबोन देशात मिशनच्या कामास माणसे कमी पडत आहेत, असे त्यात कळकळीने लिहिले होते. श्वाइट्झर यांनी लेख वाचून संपविला व शांतपणे आपल्या कामास लागले. शोध संपला होता. आमच्यासारख्या लहानशा पत्राचे अंकही कित्येक घरी न उघडता पडून राहतात हे आम्ही जाणून आहो, म्हणून ही गोष्ट जरा आनंदाने सांगितली.

त्यांनी उपदेशक म्हणून जाण्याचे ठरविले नाही. त्या भागात डॉक्टर नाही व लोक औषधावाचून मरतात, असे मिशनरींच्या लेखांतून त्यांनी वाचले होते. शिवाय आजवर ते शब्दांनीच सेवा करीत आले होते. आता काही न बोलता हातांनी करावी असे त्यांस वाटले. धनवान मनुष्य व लाजार यांचा प्रभूने सांगितलेला दाखला त्यांनी असा लावला की, युरोप हा तो धनवान आणि दारात पडलेला लाजार म्हणजे आफ्रिका. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिस येथे त्यांनी आईबाप व अगदी जवळचे स्नेही यांस लिहिलेली पत्रे टपालपेटीत टाकली. येत्या सत्रापासून आपण वैद्यकीचे विद्यार्थी होणार व पुढे आफ्रिकेस जाणार, एवढाच त्यांतील मजकूर होता.

मग जे वादळ उठले त्याची त्यांनी कल्पना केली नव्हती. नातलग रागावले, त्यांस विचारले का नाही म्हणून. मित्रांनी सांगितले की देवाने दिलेले रुपये तो जमिनीत पुरून ठेवीत आहे. विडोर यांच्या मते हे म्हणजे सेनापतीने बंदूक घेऊन शिपायांच्या रांगेत जाऊन बसण्यासारखे होते. कोणी प्रेमभंगाचा तर्क केला, कोणी कीर्तीच्या हव्यासाचा. यांतील पुष्कळजण नियमाने देवळात जाणारे होते, आणि प्रभूच्या सेवेसाठी मनुष्य आपली वाट बदलू शकतो हे त्यांस खरेच वाटेना, याचे श्वाइट्झर यांस फार वाईट वाटले. नाव नोंदविण्यास ते वैद्यकीच्या प्रमुखांकडे गेले तेव्हा, या गृहस्थास मनोविकारांच्या वैद्याकडे पाठवावे की काय असे त्या प्रमुखांच्या मनात आले.

तिसाव्या वर्षी ते अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बाकावर बसले. शिकविणे चालूच होते, रविवारचा उपदेश चालू होता, हिवाळ्यात पॅरिसला जाऊन ऑर्गन वाजविणेही चालू होते. कित्येकदा रात्रभर आगगाडीत बसून सकाळी वर्गात हजर व्हावे लागे. या वर्षांत थकव्याशी झगडणे हेच त्यांचे मुख्य युद्ध होते. सहकारी म्हणून प्राध्यापकांनी त्यांस वर्गात फुकट बसू दिले. शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी म्युनिक शहरी ऑर्गन वाजवून मिळविली. डिसेंबर १९११ मध्ये शस्त्रक्रियेची परीक्षा संपवून ते बाहेर पडले तेव्हा हे स्वप्न तर नव्हे असे त्यांस वाटत होते. पुढे इस्पितळातील उमेदवारी व पॅरिस येथे उष्ण देशांतील रोगांचा अभ्यास झाला. जून १९१२ मध्ये हेलेन ब्रेस्लाउ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या बाई एका इतिहासाच्या प्राध्यापकाच्या कन्या होत. त्यांनी शहराच्या अनाथ मुलांची देखरेख करण्याचे काम केले होते, आणि आफ्रिकेच्या तयारीसाठीच परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. श्वाइट्झर यांच्या ग्रंथांच्या हस्तलिखितांतही त्यांचा हात होता. पतीच्या कीर्तीच्या सावलीत त्यांचे नाव झाकले गेले, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

आता खरी अडचण आली, आणि ती बाहेरच्या जगाकडून नव्हे, मिशनकडूनच. श्वाइट्झर यांनी १९०६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. प्रभु येशूच्या चरित्राविषयी विद्वानांनी आजवर काय काय लिहिले याची त्यात चिकित्सा होती. देवाचे राज्य व जगाचा अंत अगदी लवकर येणार अशी प्रभूची अपेक्षा होती, असे त्यांचे मत त्यात होते. सोसायटीच्या कमिटीतील जुन्या मताच्या सभासदांस हे रुचले नाही. डॉक्टर हवा हे खरे, पण त्याचे मत शुद्ध नसेल तर नवख्या मंडळ्यांचा घात होईल, अशी त्यांस भीती वाटे. त्यांस कोणी हसू नये. ज्या मंडळीने कालपरवाच विश्वास धरला आहे तिच्यापुढे कोणास उभे करावे, ही काळजी आमच्या सुपरिंटेंडेंट साहेबांसही वाटतेच.

कमिटीपुढे येऊन विश्वासाची परीक्षा द्यावी असे त्यांस सांगण्यात आले. ते त्यांनी नाकारले. प्रभूने आपल्या शिष्यांस बोलाविताना माझ्यामागे या याहून अधिक काही मागितले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरी रागाने फाटाफूट न करता ते कमिटीच्या एकेका सभासदाच्या घरी स्वतः गेले व बसून बोलले. त्यांनी अभिवचन दिले की आपण तेथे केवळ डॉक्टर म्हणून राहू, सर्व खर्च आपण उभा करू, आणि उपदेशाच्या बाबतीत माशासारखे मुके राहू. यावर बहुतेकांचे समाधान झाले. एका सभासदाने मात्र राजीनामा दिला.

हे अभिवचन सोपे नव्हते. हा मनुष्य दर रविवारी उपदेश करण्यातच आनंद मानीत असे. त्यास मिशनच्या आवारात राहावयाचे होते, मिशनच्या घंटेवर उठावयाचे होते, आणि देवळात मागच्या बाकावर गप्प बसावयाचे होते. ज्या उपदेशकांस आपले व्यासपीठ आठ दिवस दुसऱ्यास देणेही जड जाते, त्यांनी याचा विचार करून पाहावा.

पैशासाठी ते ओळखीच्यांच्या घरोघर हिंडले. अजून जे काम उभे नाही त्यासाठी मागावयाचे, म्हणून पुष्कळ ठिकाणी स्वागताचा सूर बदलला हे त्यांच्या ध्यानात आले. तरी स्ट्रासबुर्गच्या जर्मन प्राध्यापकांनी फ्रेंच वसाहतीतील कामास उदार हाताने दिले, सेंट निकोलसच्या मंडळीने दिले, आणि पॅरिसच्या बाख मंडळीने त्यांच्यासाठी संगीताचा जलसा केला. दोन वर्षे इस्पितळ चालेल एवढी रक्कम जमली. वाळवी व दमट हवा यांपासून बचाव व्हावा म्हणून जस्ताच्या अस्तराचा, ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या असलेला एक पियानोही त्या मंडळीने भेट दिला. सामानाच्या ७० पेट्या झाल्या. युद्ध होईल अशी शंका असल्याने त्यांनी कागदी नोटांऐवजी २,००० मार्कांची सोन्याची नाणी बरोबर घेतली.

२१ मार्च १९१३, उत्तम शुक्रवार. दुपारी ग्युन्सबाखच्या देवळाची घंटा वाजत असता गाडी सुटली. पुनरुत्थानाचा रविवार पॅरिसमध्ये विडोर यांचे वादन ऐकण्यात गेला. बोर्दो शहराजवळील पोइयाक बंदरातून पतिपत्नी आगबोटीत चढली. बिस्केच्या उपसागरात वादळ लागले, आणि पेट्या बांधून ठेवण्याची युक्ती ठाऊक नसल्याने त्या खोलीभर धावू लागल्या. एप्रिलच्या मध्यास ते आफ्रिकेच्या किनाऱ्यास पोहोचले, तेथून ओगोवे नदीतून लहान बोटीने आत गेले. शेवटचा टप्पा झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्यांनी झाला. मिशनशाळेची मुले गात गात होड्या वल्हवीत होती.

इस्पितळ तयार नव्हते. लाकडाच्या व्यापारात मजुरी बरी मिळत असल्याने बांधकामास मजूर मिळाले नाहीत. दुभाषी म्हणून नेमलेले शाळामास्तर आपल्या गावी वारसाच्या भांडणात गुंतले होते, ते आलेच नाहीत. पहिले तीन आठवडे अगदी अडल्यासच रोगी आणावे असे कळविले होते, परंतु पहिल्या दिवसापासून होड्या लागू लागल्या. सुरुवातीस घरासमोर उघड्यावर रोगी तपासावे लागत. सायंकाळी पाऊस आला की सर्व सामान धावत ओसरीवर न्यावे लागे. अखेर मिशनरीच्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यास चुना लावून, एक खाट व काही फळ्या ठोकून तेथे दवाखाना उघडला. छपरास भोके होती म्हणून डॉक्टर दिवसभर टोपी घालून काम करीत. पण पाऊस आला तरी पळावे लागत नाही याचाच त्यांस आनंद होता.

रोगी म्हणून आलेला जोसेफ नावाचा गृहस्थ पुढे त्यांचा साहाय्यक व दुभाषी झाला. तो पूर्वी स्वयंपाकी होता. आफ्रिकेच्या आठ भाषा, शिवाय फ्रेंच व इंग्रजी त्यास येत. शरीराच्या भागांची नावे मात्र त्यास खाटकाच्या दुकानातली ठाऊक; या बाईच्या डाव्या बरगडीच्या कापात दुखते आहे, अशा थाटात तो रोग्यांचे वर्णन करी. सकाळी एक माणूस दोन भाषांत नियम ओरडून सांगे : दवाखान्याजवळ थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, एक दिवसाचे अन्न बरोबर आणावे, औषधाच्या बाटल्या व डब्या परत कराव्या. प्रत्येक रोग्याच्या गळ्यात क्रमांकाची गोल चकती बांधीत. हिवताप, कुष्ठरोग, निद्रारोग, रक्ती आव, खरूज, चिघळलेले व्रण व अंतर्गळ असे रोग तेथे फार. अंतर्गळात आतडे अडकले म्हणजे माणूस तडफडून मरे. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येऊन दुखत नाही असे जेव्हा तो सांगे आणि डॉक्टरांचा हात शोधून धरून ठेवी, त्या क्षणाचे मोल श्वाइट्झर यांनी फार मानले आहे. भूल देण्याचे काम हेलेनबाईंकडे होते. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे २,००० रोगी झाले. काही जण दोनशे-तीनशे किलोमीटरांवरून होडीने येत.

आणि मुकेपणाचे काय झाले? तेथील मिशनरींनी थोड्याच दिवसांत त्यांस उपदेश करण्याची विनंती केली. कमिटीच्या पॅरिसमधील चर्चा ओगोवेच्या काठी कोणाच्या गावीही नव्हत्या. तेथे डोंगरावरील प्रवचन व पौलाची शिकवण लोकांस समजेल अशा शब्दांत कशी सांगावी, एवढाच प्रश्न होता. अशा रीतीने ते अभिवचनातून मोकळे झाले. आम्हांस विशेष वाटते ते हे की मोकळे करण्याची मागणी त्यांनी स्वतः केली नव्हती.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, आणि फ्रेंच वसाहतीतील जर्मन प्रजाजन म्हणून दोघांस घरातच कैद करण्यात आले. काही महिने दवाखाना बंद राहिला; मग दुसरा डॉक्टर नसल्याने सरकारास तो उघडू देणे भाग पडले. त्या काळी, युद्धात एका लहान मुलखातील दहा माणसे मेल्याचे ऐकून एका आफ्रिकी म्हाताऱ्याने आश्चर्य केले, अशी हकीकत श्वाइट्झर यांनी लिहून ठेवली आहे. त्यांच्याकडे लढाईत मेलेल्यांची भरपाई दोन्ही पक्षांस द्यावी लागे. एवढ्या मेलेल्यांची भरपाई युरोपियन लोक देणार कोठून, आणि त्यापेक्षा पंचायतीस का बसत नाहीत, असे तो विचारीत होता. सुवार्ता सांगणाऱ्यांस या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. सप्टेंबर १९१५ मध्ये नदीतून जाताना पाणघोड्यांच्या कळपातून बोट चालली असता, सर्व जीवमात्राविषयी आदर हा नीतीचा पाया आहे, हा विचार त्यांस सुचला. त्यांचे नाव पुढे त्या विचाराशी जोडले गेले. १९१७ साली त्यांस कैदी म्हणून फ्रान्समध्ये नेले. बोटीवर चढताना कॅथलिक मिशनचे प्रमुख पहारेकऱ्यास बाजूला सारून निरोप देण्यास आले.

१९१८ च्या जुलैत सुटका झाली तेव्हा ते आजारी व कर्जबाजारी होते. आई १९१६ साली रस्त्यात लष्करी घोड्यांच्या पायाखाली सापडून वारली होती. स्वीडनचे मुख्य बिशप सोडरब्लॉम यांनी १९२० साली व्याख्यानास बोलाविले. तेथे व्याख्याने देऊन व ऑर्गन वाजवून त्यांनी कर्ज फेडले. १९२४ साली ते पुन्हा निघाले, या खेपेस पत्नीवाचून. हेलेनबाईंची प्रकृती खालावली होती व १९१९ साली जन्मलेली कन्या लहान होती. जुन्या इस्पितळावर रान माजले होते. पुढे नदीच्या वरच्या बाजूस नवी जागा साफ करून १९२७ साली त्यांनी रोग्यांस तेथे नेले. सुताराचे व गवंड्याचे काम त्यांनी स्वतः केले.

त्यांच्यावर पुढे टीका झाली, ती लपविणे बरे नव्हे. आफ्रिकी मनुष्य भाऊ खरा, पण धाकटा भाऊ, असे त्यांनी लिहिले होते. ही बोली वडीलकीची आहे. ज्या मुलखावर परकी राज्य होते तेथील लोकांस ती बोचणे साहजिक होते, आणि आम्हांसही ती बरोबर वाटत नाही. इस्पितळ जुन्या पद्धतीचे ठेवले, तेथील तरुणांस पुढे आणले नाही, असेही आक्षेप आहेत. पण त्याच मनुष्याने लिहिले की, गोऱ्या लोकांनी आफ्रिकेवर जे अत्याचार केले त्यांपुढे तेथील सेवा हा उपकार नव्हे, ती नुकसानभरपाई आहे. दोन्ही गोष्टी एकाच लेखणीच्या आहेत.

१९५२ सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांस मिळाले. ती रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या बांधकामास लागली. हेलेनबाई १९५७ साली वारल्या, आणि त्यांची रक्षा लांबारेनेस आणून पुरण्यात आली. १९६० साली गाबोन स्वतंत्र झाला. ४ सप्टेंबर १९६५ रोजी नव्वदाव्या वर्षी श्वाइट्झर यांचा त्याच इस्पितळात अंत झाला. पत्नीशेजारी, ओगोवेच्या काठी, रोग्यांच्या होड्या जेथे लागत त्या उतारावर त्यांस पुरले. त्यांच्या नावाचे इस्पितळ तेथे आजही चालू आहे.